टेकडीवरची उंच होत गेलेली बाकं

माझ्या पीएच.डी.चा मार्गदर्शक माझाच विद्यार्थी होता. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत वगैरे सहज टाकते आणि मग शांतपणे कोशिंबीर वाढून घेते. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

खरं तर त्यात माझी काही चतुराई नव्हती. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. निम्मं आयुष्य तेच केलं. पन्नाशी दिसू लागली तेव्हा संशोधनाची हौस आली. नवऱ्याच्या मते हे वय गुडघ्यांकडे लक्ष देण्याचं होतं. माझ्या विषयात जागा शिल्लक असलेला मार्गदर्शक एकच निघाला, आणि तो निघाला माझ्या वर्गात मागच्या रांगेत बसून समोच्च रेषांचे नकाशे शेवयांसारखे काढणारा मुलगा. मधल्या काळात तो परदेशी जाऊन दाढी वाढवून आला होता. लोकांसमोर मी त्याला ‘सर’ म्हणायची. दार लोटलं की ‘अरे’. तो बिचारा दोन्हीकडे ‘मॅडम’च म्हणायचा.

विषय ठरला आमच्या घरामागची टेकडी. पुण्यात टेकडी नसलेला माणूस स्वतःला जरा उपराच समजतो, त्यामुळे विषयाला घरातून विरोध झाला नाही. एका टेकडीवर जमिनीचे किती वापर असतात बघा. वरच्या अंगाला जुनं गवत, गुरं चरायची तेव्हापासूनचं. पलीकडच्या उतारावर चर खणून लावलेली गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, झाडं. या दोहोंच्या मधून फिरायला येणाऱ्यांची पायवाट. आणि पायथ्याला, जिथे एके काळी ज्वारी होती, तिथे आता इमारती, थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत. जमिनीचा वापर बदलत गेला तशी माती किती वाहून गेली, आणि मातीबरोबर तिच्यातला कर्ब किती गेला, हे मला शोधायचं होतं. कर्ब म्हणजे फार अवघड काही नाही. पानं, मुळं, किडे कुजून मातीत मुरतात आणि तिला काळेपणा देतात, त्यातला मुख्य ऐवज म्हणजे कर्ब. तो असला की माती पाणी धरते. तो गेला की उरते ती नुसती भुकटी.

आता अडचण अशी की विद्यापीठाची मला दोनदा मुदतवाढ देऊन झाली होती. तिसऱ्यांदा दिली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं की आता पुन्हा येऊ नका, आलात तर फक्त प्रबंध घेऊन या. माती वाहते पावसात. माझ्या हातात एकच पावसाळा उरला होता. तो हुकला असता तर इतक्या वर्षांचं काम आणि माझ्या विद्यार्थ्यासमोरची माझी अब्रू, दोन्ही एकदमच वाहून गेलं असतं.

माती मोजायची पद्धत इतकी सोपी की सांगायला लाज वाटते. लोखंडी सळया उतारावर खोल ठोकायच्या आणि सगळ्यांची टोकं जमिनीच्या वर सारखीच ठेवायची. मी चार बोटं ठेवली. पावसाळा संपला की जाऊन बघायचं. सळई जास्त उघडी दिसली तर तितकी माती गेली, कमी दिसली तर वरून येऊन साचली. सळया मी बोहरी आळीतून आणल्या. दुकानदाराने कशाला हव्यात म्हणून विचारलं. मी म्हटलं, टेकडी मोजायला. तो म्हणाला, मग एवढ्यात भागायचं नाही.

मे महिन्याच्या दोन रविवारी भर दुपारी आम्ही त्या ठोकल्या. म्हणजे नवऱ्याने ठोकल्या, मी छत्री धरली आणि मोजमाप केलं. टोकांना लाल रंग लावला. शिवाय पाटी लावली, कारण पाटी लावल्याशिवाय या शहरात कुठलंच काम सुरू झालं असं वाटत नाही. ‘संशोधन चालू आहे. सळयांना हात लावू नये.’ पावसाळाभर मी तिकडे फिरकले नाही. फिरायचंच नव्हतं, कारण माझ्याच पायांनी माती हलली असती तर? कॉलेजात खिडकीबाहेर धो धो कोसळायला लागलं की मी फळ्याकडे तोंड करून मनात म्हणायची, वाहा बाई, वाहा.

दसऱ्यानंतर पट्टी घेऊन वर गेले. पहिली सळई, चार बोटं. दुसरी, चार बोटं. गवतातल्या, झाडांखालच्या, पायवाटेच्या अगदी कडेच्या, जिथे पाण्याने नाल्या पाडलेल्या डोळ्यांना दिसत होत्या, तिथल्याही. सगळ्या चार बोटं, मिलिमीटरचा फरक नाही. मी आकडे वहीत उतरवले आणि खाली आले.

मार्गदर्शकाने आकडे बघितले. दाढी कुरवाळली. मग म्हणाला, “मॅडम, टेकडी संगमरवराची आहे का?”

लगेच म्हणाला की त्याचा माझ्यावर संशय वगैरे अजिबात नाही. असं जो म्हणतो त्याला तो असतोच. पुढे त्याने अगदी आदराने माझंच वाक्य मला परत केलं, की निसर्गात इतकं नीटनेटकं काही सापडलं तर आधी मोजणाऱ्याला तपासावं, हे तुम्हीच वर्गात सांगायचात. त्याच्या लक्षात काय राहावं तर नेमकं एवढंच. समोच्च रेषा नाही राहिल्या.

मी पुन्हा टेकडीवर गेले, आणि या वेळी सळयांच्या टोकांकडे नीट बघितलं. लाल रंगाचे टवके उडाले होते. लोखंड चेपलेलं होतं आणि ते चेपलेलं चकचकत होतं. कोणीतरी ठोकत होतं, आणि अगदी ताजं ठोकत होतं. माझा संशय आधी जोडप्यांवर गेला, मग क्रिकेटवाल्या पोरांवर. पण प्रेमात पडलेली माणसं इतक्या मापात काही करत नाहीत आणि क्रिकेटवाल्यांनी सळया उपटून स्टंप केले असते. म्हणजे कोणीतरी तिसरंच. मी दिवसभर कॉलेजात असते, संध्याकाळी टेकडी गजबजलेली असते. उरली पहाट.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी नवऱ्याची माकडटोपी घालून एका घाणेरीच्या झुडपामागे बसले. कॉलेजात असताना मी एकांकिकांत कामं केलेली आहेत, पण झुडपामागे बसून राहण्याची भूमिका ही पहिलीच. काटे टोचत होते. तरी खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

आणि आले. सहा-सात जणांची सेवानिवृत्त मंडळी, पायांत पांढरे बूट, पुढे एक उंच, ताठ गृहस्थ. ते पहिल्या सळईपाशी थांबले. कापडी पिशवीतून त्यांनी एक लाकडी ठोकळा काढला, सळईला टेकवून जमिनीवर उभा केला, डोळा बारीक करून बघितलं. मग हातोडी काढली. टक्. पुन्हा ठोकळा. टक्. मागच्या एक बाई वाकून भोवतीची माती हाताने सारखी करत होत्या. मंडळी पुढच्या सळईकडे निघाली.

मी झुडपातून उभी राहिले. माकडटोपीमुळे प्रवेश अपेक्षेपेक्षा जास्तच परिणामकारक झाला असावा, कारण त्या बाई दोन पावलं मागे सरल्या. मी विचारलं, हे काय चाललंय?

“दिसत नाही? सळया बसवतोय,” ते उंच गृहस्थ म्हणाले.

“तिथे पाटी आहे. वाचली नाहीत?”

“वाचली की. सळयांना हात लावू नये. कोणी लावलाय हात? ही हातोडी आहे.”

मग त्यांनी मला, म्हणजे टोपीतल्या त्या अनोळखी व्यक्तीला, सविस्तर तक्रार ऐकवली. कॉलेजातली कोणी एक बाई उन्हाळ्यात या सळया ठोकून जी गेली ती पुन्हा फिरकली नाही. आजकाल कामं अशीच होतात. पाऊस सुरू झाल्यावर सळया उघड्या पडू लागल्या. कोणी ठेचकाळलं असतं, आणि त्या बाईंचं कामही वाया गेलं असतं. तेव्हा यांनी पहिल्याच आठवड्यात मूळची उंची मोजून घेतली होती, त्या मापाचा सागवानी ठोकळा कापून आणला आणि जून महिन्यापासून एकही सळई इकडची तिकडे होऊ दिली नाही. ते स्वतः निवृत्त अभियंते होते, धरणांच्या कामांवर आयुष्य गेलेलं. देखभाल म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी टोपी काढली आणि म्हटलं, ती बाई मीच.

अभियंताकाकांनी हातोडी पिशवीत ठेवली आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, “काम समाधानकारक आहे ना?”

मला हसू फुटलं. इतकं की मी तिथेच खाली बसले. हसता हसता रडू येईल की काय असंही एकदा वाटून गेलं, पण इतकी सगळी माणसं काळजीने वाकून बघत असताना रडणं मला जमत नाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं. सळया कशासाठी होत्या, उघड्या पडणं हेच त्यांचं काम कसं होतं, मुदतवाढ, खिडकीतल्या बाई, माझा विद्यार्थी. अभियंताकाकांना माझं अर्धं वाक्य ऐकूनच सगळं कळलं होतं. त्यांची ताठ मान खाली गेली, चेहरा उतरला. म्हणाले, “म्हणजे आम्ही तुमचा पावसाळा पुसून टाकला.”

मी एक शेवटची आशा म्हणून विचारलं की प्रत्येक वेळी किती ठोकलं हे कुठे टिपून ठेवलंय का. ते म्हणाले, दुरुस्ती नीट झाली की ती टिपायची कशाला?

माती सारखी करणाऱ्या बाईंच्या पिशवीत चहाचा थर्मास होता. पुण्यात आपत्ती आली की आधी चहा होतो, मग मतभेद. मला एका सिमेंटच्या बाकावर बसवलं. टेकडीवर अशी बाकं जागोजाग आहेत. कोणाच्या तरी स्मरणार्थ घरच्यांनी बांधून दिलेली, मागच्या बाजूला नाव आणि साल. मी कप हातात धरून बसले होते आणि हिशोब करत होते की हे सगळं त्या दाढीवाल्याला कोणत्या शब्दांत सांगायचं.

शेजारी एक ठेंगणे गृहस्थ येऊन बसले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचे पाय जमिनीपासून अधांतरी लोंबत होते आणि ते त्यांच्याकडे नाराजीने बघत होते. माझं दुःख एवढं ताजं असताना त्यांनी आपलं सुरू केलं. हे बाक त्यांनीच पत्नीच्या स्मरणार्थ बांधून घेतलेलं. बांधलं त्या दिवशी त्यांचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकत. गवंड्याला त्यांनी बसूनच दाखवलं होतं, इथवर म्हणून. मग पुढे पुढे नुसते चवडे टेकू लागले. आता काहीच टेकत नाही. डॉक्टर म्हणतात वयाने माणूस आखडतो.

“गुरुजी दर वर्षी लहान होतायत,” अभियंताकाका म्हणाले. “लवकरच बालवाडीत घालायचंय.”

मंडळी हसली. हा त्यांचा जुना विनोद असावा, कारण हसणं सवयीचं होतं. गुरुजी हसले नाहीत.

माझा कप तोंडाशीच थांबला. मी गुरुजींच्या पायांकडे बघितलं, मग पायांखालच्या जमिनीकडे. कप बाजूला ठेवून मी गुडघ्यांवर बसले आणि बाकाखाली डोकं घातलं. वर सगळे पुन्हा घाबरले असणार. बाकाच्या पायावर वरून खाली गुळगुळीत गिलावा होता. तो एका सरळ रेषेत संपत होता. त्याच्या खाली खडबडीत, खडी दिसणारं काँक्रीट, आणि त्याच्याही बरंच खाली माती. मी बाकाखालूनच ओरडून विचारलं, गिलावा कुठवर करतात?

“जमिनीपर्यंत,” वरून अभियंताकाकांचा आवाज आला. “खाली मातीत कोण बघायला जातंय. तिथे सिमेंट कोण वाया घालवेल?” मग ते थांबले. आणि मग मला बाकाच्या पलीकडच्या बाजूने त्यांचेही गुडघे खाली येताना दिसले, पाठोपाठ चेहरा. आम्ही दोघं बाकाखाली एकमेकांकडे बघत होतो.

गिलावा संपतो ती रेषा म्हणजे बाक बांधलं त्या दिवशीची जमीन. मागे साल कोरलेलं. मधलं अंतर म्हणजे तेव्हापासून गेलेली माती. माझ्या सळया एका पावसाळ्याच्या होत्या. ही बाकं कित्येक वर्षं टेकडीवर उभी राहून तेच काम करत होती आणि त्यांना कोणी हातोडीने खाली ठोकू शकत नव्हतं. आणि नशीब असं की ती सगळीकडे पसरलेली होती. काही गवतात, काही गिरिपुष्पांखाली, काही पायवाटेला लागून, कारण प्रत्येक घराला आपल्या माणसासाठी दुसऱ्यापासून जरा वेगळी जागा हवी होती.

गुरुजींना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या लोंबत्या पायांकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे मी होतो तेवढाच आहे.” आणि अभियंताकाकांकडे असं बघितलं की बालवाडीचा विनोद त्या दिवशी कायमचा बंद झाला.

मार्गदर्शकाला मी फोन करून फक्त एवढंच म्हटलं, अरे, टेकडीवर ये आणि जुने कपडे घालून ये. तो आला, बाकाखाली आडवा झाला, बराच वेळ तिथेच राहिला. बाहेर आला तेव्हा दाढीत कुसळं होती. त्याने लगेच शंका काढल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं की याला मी बरं शिकवलं होतं. बाकाच्या पुढची माती बसणाऱ्यांच्या पायांनी झिजते, ती धरायची नाही. वरच्या अंगाला वाहून आलेली माती अडून साचते, तीही नाही. दोन्ही कडांना मोजायचं. तसंच मोजलं. अभियंताकाका प्रायश्चित्त म्हणून टेप धरत, गुरुजी जागच्या जागी सरासरी सांगत, आणि मी प्रत्येक बाकाशेजारची माती पिशवीत भरत असे. एका ठिकाणच्या मातीत कर्ब इतका निघाला की प्रयोगशाळेतल्या मुलीने विचारलं, मॅडम, हे गांडूळखत कुठून आणलंत? चौकशी केल्यावर थर्मासवाल्या बाईंनी कबूल केलं की त्या बाकाजवळच्या झाडाला त्या रोज घरचा चहाचा चोथा घालतात, कारण त्याला बरं वाटतं. तो नमुना मी जड मनाने बाद केला. झाडाला मात्र खरंच बरं वाटत होतं.

निकाल निघाला तो असा. जुन्या गवताने माती सगळ्यात घट्ट धरली होती, आणि कर्बही. गिरिपुष्पांखाली पाचोळा भरपूर होता, पण खाली काही उगवत नव्हतं, त्यामुळे उतारावर पाण्याने पाचोळ्यासकट माती नेली होती. आणि पायवाट. पायवाटेच्या कडेची बाकं तर पार उघडी पडली होती, आणि माती फिकी, हलकी, नुसती भुकटी. ती खाली कुठे जाते हेही सापडलं. पायथ्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिथे ज्वारी व्हायची तिथेच. सोसायटी ती टेम्पोत भरून बाहेर फेकते आणि कुंड्यांसाठी नर्सरीतून पोती विकत आणते.

पायवाट एवढी का झिजली? मूळची ती एका माणसापुरती होती. आता चार माणसं शेजारी शेजारी गप्पा मारत चालतील एवढी रुंद झाली आहे. कशामुळे, ते उघड होतं. माणसं शेजारी शेजारी गप्पा मारत चालत होती. त्यातली बरीचशी आता माझ्या ओळखीची होती. महिनोन्महिने त्यांनी माझ्यासाठी टेप धरला होता, चहा पाजला होता. हे प्रबंधात लिहू नये असं एकदा वाटलं. पण लिहिलं.

तोंडी परीक्षेला कोणीही येऊन बसू शकतं. मंडळी इस्त्रीचे कपडे घालून आली आणि पहिल्या रांगेत बसली. बाहेरगावचे परीक्षक चांगले होते, बाकांच्या पद्धतीवर ते खूश झाले, दोनदा ‘वा’ म्हणाले. मग त्यांनी नेमकं विचारलं, पायवाटेवरच्या धुपीला जबाबदार कोण?

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. रांगेने माझ्याकडे. माझा दाढीवाला छताकडे बघू लागला.

“समोर बसलेत,” मी म्हटलं.

परीक्षकांना वाटलं मी विनोद करतेय. अभियंताकाका उभे राहिले. मला वाटलं आता हातोडी निघते. पण ते म्हणाले, “मान्य आहे. उपाय सांगा.” मी म्हटलं, एकामागे एक चालायचं, आणि दोन्ही कडा गवतासाठी सोडायच्या. “उद्यापासून,” ते म्हणाले आणि बसले. परीक्षकांनी पुढे काहीच विचारलं नाही. मला वाटतं त्यांना एवढा झटपट लागू झालेला प्रबंध आधी कधी बघायला मिळाला नसावा.

आता मीही रोज पहाटे त्यांच्यात असते. नवऱ्याच्या मते हे गुडघ्यांसाठी उत्तम. एकामागे एक चालून गप्पा मारणं ही एक वेगळीच कला आहे. सगळ्यात पुढे अभियंताकाका, सगळ्यात मागे मी, कारण वयाने धाकटी. पुढून निघालेली बातमी माणसामागून माणूस पार करत माझ्यापर्यंत येते तेव्हा महापालिकेच्या गोष्टीचं लोणच्याचं प्रकरण झालेलं असतं. मी त्यात माझं काहीतरी घालून ते पुढे पाठवते. बराच वेळ काही होत नाही. मग वळणापलीकडून एकदम हसण्याचा आवाज येतो.

या वर्षी पायवाटेच्या दोन्ही कडांना कुसळी गवत उगवलं. पांढऱ्या बुटांची मंडळी बाकावर बसून मोज्यांत रुतलेली बियांची कुसळं एकेक करून काढत असतात आणि टोचतात म्हणून माझ्या नावाने बोटं मोडतात. गुरुजी म्हणाले, आता तुमच्या प्रबंधाला हे टोचणंही जोडा. मी माझ्या मोज्यातली कुसळं काढून चिमटीत धरली, आणि जिथे अजून जागा रिकामी होती तिथे टाकली.